गव्हाणीवरचं इमान

श्रावणाचा शेवटचा आठवडा लागला की केजच्या बाजारात रंगाच्या बोटभर उंचीच्या डब्या दिसायला लागतात. एरवी त्या दुकानात भिंतींच्या रंगाच्या बादल्या असतात. या आठवड्यात मात्र काउंटरवर लाल, हिरव्या, निळ्या, सोनेरी डब्यांची उतरंड लागते आणि वर दोरीला गोंडे, घुंगरमाळा, बेगडाच्या चकचकीत पट्ट्या लटकतात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची असतात, त्याची ही सगळी घाई. यंदा आठवड्याच्या सुरुवातीलाच मीही त्या गर्दीत होतो. दुकानदारानं न विचारताच लाल डबी पुढं केली. मी म्हटलं, "लाल नको. हिरवी एक, राखाडी एक, आणि टर्पेंटाइनची लहान बाटली."

"राखाडी शिंगं?"

"शिंगं नाहीत, विमान रंगवायचंय."

माझ्यामागं उभा असलेला एक जण शेजारच्याला हळूच म्हणाला, "ह्या सर लोकांचं काय सांगावं बे. उद्या इमानालाबी झूल घालतील." मी पैसे मोजले. बोलणार काय? झूल आम्ही गेल्याच वर्षी घातली होती.

मला हा हंगाम आवडतो. पाऊस धड पडत नाही, धड उघडत नाही. सोयाबीनला शेंगा धरलेल्या असतात, उडीद-मूग घरात आलेले असतात आणि शेतातल्या माणसाला पेरणीनंतर पहिल्यांदा बूड टेकायला सवड मिळते. घरात नव्या मुगाचा वास, गोठ्यात ओल्या मातीचा. दोरीवरचा सदरा दोन दोन दिवस दमटच राहतो, आणि रंगाचंही तसंच. डबीवर लिहिलेलं असतं की चार तासांत वाळतो. ते लिहिणाऱ्यानं आमचा श्रावण पाहिलेला नसावा. आमच्याकडे बोट लावून बघावं तर दुसऱ्या दिवशीही रंग बोटाला येतो. मागच्या वर्षी या न वाळणाऱ्या रंगामुळंच आमच्या घरी पोळा झाला.

झालं असं होतं की त्या वर्षीच्या चैत्रात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलजोडी विकली. पाखऱ्या आणि हौश्या. पाखऱ्या डाव्या अंगाला चालायचा, हौश्या उजव्या. आप्पा पंच्याहत्तरीच्या पुढं, गुडघ्यांनी संप पुकारलेला. मी केजला ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, सकाळी मोटारसायकलवर जातो तो पाचला परत. नांगरट, पेरणी सगळी ट्रॅक्टरवर गेली होती आणि बैल दावणीला नुसते उभे होते. "हुभ्या बैलाचं पाय धरत्यात," आप्पा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच गिऱ्हाईक शोधलं. सिरसाळ्याकडच्या एका शेतकऱ्यानं जोडी नेली. आप्पांची अट एकच होती, जोडी फोडायची न्हाई. त्या माणसानं पाखऱ्याच्या वशिंडावर हात ठेवून शब्द दिला. आप्पा त्या दिवशी नेहमीसारखे जेवले, नेहमीसारखे झोपले, आणि सकाळी उठून त्यांनी गोठा झाडला. मोकळाच गोठा होता. मग ते रोज झाडत राहिले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून बैलांच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. ते गरम पाण्यानं शेकायचे, वर हळद-लोणी चोळायचं, आणि मग मालकानं बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." रोज आपल्याच दावणीला खाणाऱ्या बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण! लहानपणी मला याचं फार हसू यायचं. आप्पांना कधी आलं नाही. व्याह्याच्या दारात उभं राहावं तसे ते डोक्यावर टोपी नीट करून ते वाक्य म्हणायचे. आई जाऊन सात वर्षं झाली होती, आणि आप्पा घरादाराशी अरे-तुरेत बोलणारा माणूस. वर्षातून एकदा त्यांच्या तोंडून 'या' आणि 'घ्या' निघायचं ते बैलांसाठीच. त्या दोन वाक्यांशिवाय आमच्या घरी पोळा लागत नसे.

श्रावण लागला तसं आप्पांनी जाहीर केलं, "यंदा पोळ्याला मी अक्काकडं जानार."

अक्का माझी थोरली बहीण, परळीला दिलेली. आप्पांना वीजकेंद्राच्या राखेची ती परळी अजिबात मानवत नाही. "तितं वाळू घातलेलं धोतरबी राखाडी व्हतं," असं ते म्हणतात आणि लेकीच्या घरी एका जेवणापलीकडं कधी थांबत नाहीत. आणि हा माणूस पोळ्याला चार दिवस तिथं राहणार! माझी बायको सुनंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आप्पांना दुसऱ्यांची बैलं दारावरून जाताना बघवायची नाहीत." मला ते कळत होतं. पण ज्या माणसानं जन्मभर आपल्याला काय करायचं ते सांगितलं, त्याला आपण काय सांगणार? मनात मात्र तेवढं एकच होतं, की यंदा खांदेमळणीला आमचा गोठा मुका राहणार.

त्याच आठवड्यात माझं विमान आलं. कुरिअरवाल्यानं केजला कॉलेजात आणून दिलं. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं, जेमतेम फूटभर लांबीचं लढाऊ विमान. एका इंजिनाचं, आखूड पंखांचं, नाकाच्या टोकाला लांब सळई असलेलं. आपल्याकडे खूप वर्षं उडालं आणि आता सेवेतून उतरलं, त्या जातीचं. डब्यात प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना चिकटलेले शंभरेक सुटे भाग, पाण्यात भिजवून लावायची चित्रं आणि मुंगीएवढ्या अक्षरांचं माहितीपत्रक. मी सातवीत असल्यापासून मला हे हवं होतं. सुनंदानं डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं. "लोकं पन्नाशीनंतर नातवंडांना खेळणी आणतात," ती म्हणाली. रंगाचा वास घरात चालणार नाही, हेही तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं.

म्हणून मी गोठ्यात गेलो. गोठ्यात उजेड होता, वारा होता आणि जागा तर काय, होतीच. गव्हाणीवर एक फळी आडवी टाकली, वर वर्तमानपत्र अंथरलं आणि सुटे भाग मांडले. आप्पा खराटा घेऊन आले आणि दारातच थांबले.

"दत्ता, गव्हानीवर काय मांडलंस?"

"विमान आहे आप्पा."

"खातंय का त्ये?"

"नाही."

"मग गव्हानीवर कावून?"

मी वर्तमानपत्राचा कोपरा सरळ केला. ते खालची जमीन झाडून गेले. गव्हाणीच्या बाजूला मात्र खराटा फिरवला नाही.

आप्पांच्या तोंडी विमानाचं 'इमान' होतं. आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात, पण त्यांच्या बोलण्यात हा शब्द आधीपासून दुसऱ्याच अर्थानं घर करून होता. बैलाचं इमान, कुत्र्याचं इमान, शब्दाचं इमान. त्यात आता गव्हाणीवरचं हे एक आलं. घरात कुणी "ते इमान काय म्हणतंय?" असं विचारलं की क्षणभर मला वाटायचं, माझ्याच वागण्याची चौकशी चाललीय.

विमानाचं अंग दोन फाकांत येतं. डावी फाक, उजवी फाक, मध्ये डिंक. दोन्ही चिकटवल्या की पाठीवरून आणि पोटावरून एक बारीक रेघ राहते. ती घासून काढावी लागते, नाहीतर रंग दिल्यावर ती आणखी उठून दिसते. मी तीन संध्याकाळी पॉलिश पेपरनं ती रेघ घासत बसलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी मागून आवाज आला, "साळलं न्हाईस."

शिंगं रंगवण्याआधी ती साळावी लागतात. म्हणजे वर्षभरात त्यांच्यावर आलेले खवले, चिरा, खडबड तासून शिंग गुळगुळीत करायचं. हे काम कुणालाही जमत नाही. जास्त तासलं तर शिंग दुखतं आणि बैल पुन्हा डोक्याला हात लावू देत नाही. आप्पा गावातले नावाजलेले शिंगं साळणारे. पोळ्याच्या आधी चार दिवस आमच्या दारात दुसऱ्यांच्या बैलांची रांग लागायची, आणि आप्पा मांडी घालून फुटक्या काचेनं शिंगं साळत बसायचे. बैल डोळे मिटून उभा असायचा.

"कागदानं घासून रेग जात न्हाई, पसरती," आप्पा म्हणाले. ते घरात गेले आणि सुनंदाच्या फुटलेल्या हिरव्या बांगडीचा तुकडा घेऊन आले. बांगडीची आतली गोलाई विमानाच्या पाठीच्या गोलाईवर अशी बसली की मी बघतच राहिलो. त्यांनी तुकडा अंगठ्यानं दाबला आणि आपल्याकडे ओढला. पांढऱ्या भुग्याची एक बारीक वळी निघाली. पुन्हा ओढला. दहा मिनिटांत रेघ कुठं होती ते मला सापडेना. त्यांनी अंगठा पाठीवरून फिरवला, कोकपिटच्या मागच्या उंचवट्याशी थांबला. "ह्येला वशिंड हाय की," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात नवल ऐकलं.

मग रोजच यायला लागले. खराटा हातात असायचा, पण तो नावालाच. माझ्या माहितीपत्रकात एकेका भागाला भारी भारी नावं होती, आप्पांनी ती सगळी मोडीत काढली. चाकांना खूर. पंखांखाली टांगलेल्या जादा इंधनाच्या टाक्यांना तोबरा, कारण "लांबच्या वाटंला खायाला बांदून दिलंय". नाकाच्या सळईवर बरीच चर्चा झाली.

"एकच शिंग कावून ह्येला?"

"शिंग नाही आप्पा. ती नळी आहे. हवेचा वेग मोजते, त्यावरून पायलटला कळतं आपण किती जोरात चाललोय."

"म्हंजी शिंगच. म्होरं काय हाय ते आदी शिंगालाच कळतं."

चौथ्या दिवशी मीच सुनंदाला सांगत होतो की आज वशिंडाच्या फटीत लुकण भरायचंय. तिनं कपाळाला हात लावला.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. मृगाच्या आधी आप्पा माळाच्या रानात कुळवाची पाळी घालत होते आणि मी बांधावर पाण्याची कळशी घेऊन बसलो होतो. अचानक आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला आणि आमच्या डोक्यावरून, इतक्या खालून की पोट दिसलं, लढाऊ विमानं गेली. बैल बुजले. कुळव आडवा झाला. आप्पांनी दोन्ही कासरे हाताला गुंडाळून बैलांना धरलं आणि विमानांना अशी एक शिवी घातली की ती मी इथं लिहू शकत नाही. मी मात्र कळशी सोडून पळत सुटलो होतो, विमानं डोंगराआड जाईपर्यंत. परत आलो तर पाणी सांडलेलं आणि आप्पा बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभे. मार बसेल असं वाटलं होतं. आप्पा म्हणाले, "गेली का नीट?" बस, एवढंच. विमानं सुखरूप गेली का, याची चौकशी! शिवी घालून झाल्यावर त्यांना बहुतेक त्यांची काळजी वाटली असावी.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा माझी फजिती झाली. पहिला हात मी दिला, तर ब्रशचे ओरखडे उठले, पंखाच्या कडेला रंगाचा थेंब साचला. आप्पांना राहवलं नाही. "रंग लावायचा नसतो, वडायचा असतो," म्हणत त्यांनी ब्रश घेतला, केस कात्रीनं अर्धे कापून टाकले आणि उरलेल्या अर्ध्यांनी पातळ रंग एका दमात पंखाच्या बुडापासून टोकापर्यंत ओढला. हात कापतो त्यांचा. चहाची बशी धरली की बशी वाजते. ब्रश धरल्यावर कुठं गेलं ते कापणं, देवाला माहीत. डबीत बघून म्हणाले, "ह्यो तर परळीचा रंग." मी म्हटलं, "मग जाताय कशाला परळीला, इथंच बघा." बोलून गेलो आणि जीभ चावली. त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, पुसला आणि म्हणाले, "मी जानार हाय. तुजं तू बग आता."

त्यात आमचं शिंगावरून वाजलं. आप्पांचं म्हणणं, सळई लाल रंगवायची आणि तिला बेगडाची सोनेरी पट्टी गुंडाळायची. मी खऱ्या विमानांचे फोटो मोबाइलवर काढून दाखवले. कुठंच लाल नाही, बेगड तर नाहीच नाही. "खऱ्या विमानाला असं नसतं आप्पा."

"खरं इमान कुनाच्या गव्हानीवर हुभं असतंय?"

मी हट्टाला पेटलो. इतक्या वर्षांनी मनासारखं विमान होतंय, ते मला फोटोसारखं हवं होतं. आता लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, पण तेव्हा मी सळईवर कागदी टोपण घालून ठेवलं, आप्पांनी माझ्या नकळत हात मारू नये म्हणून. त्यांनी ते पाहिलं. विषय पुन्हा काढला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सुट्टी टाकली होती, त्यांना गाडीत बसवून द्यायचं म्हणून. सकाळी दहाला गफूरभाईची जीप मारुतीच्या पारापासून केजला निघते, पुढं परळीची एसटी. आप्पांची पिशवी ओट्यावर तयार होती. एक धोतर, गोळ्यांची डबी, अक्कासाठी नवे मूग. मी गोठ्यात विमानाला शेवटचा, चमक मारणारा हात देऊन नुकताच बसलो होतो. आप्पा आले. डोक्यावर टोपी, पायात वहाणा, निघायच्या तयारीत. हातात लाल डबी. कुठून आणली होती कोण जाणे, पाखऱ्याच्या वेळची उरलेली असेल. माझ्याकडे न बघता त्यांनी सळईवरचं टोपण काढलं, ब्रश बुडवला आणि सळई बुडापासून टोकापर्यंत लाल केली. मग खिशातून बेगडाची बारीक पट्टी काढली आणि टोकाशी दोन वेढे दिले. मला बोलायला वेळच मिळाला नाही. खरं सांगायचं तर मिळाला होता, पण त्या लाल शिंगानं विमान असं काही जागं झालं होतं की मी ते कागदी टोपण चुरगळून टाकलं.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. गफूरभाई पारावरून थेट दारापर्यंत आला होता. "आवो आप्पा, चला की. टाइम झाला."

आप्पा दारात गेले. "जा तू गफूर. शिंगं वली हायेत."

आमच्याकडे हा नियम आहे. शिंगं ओली असताना मालकानं बैल सोडून हलायचं नाही. बैलाला शिंगांवरचा रंग चावतो, तो डोकं गव्हाणीला घासतो, आणि सगळं काम मातीत जातं. म्हणून रंग वाळेपर्यंत मालक समोर बसून राहतो. गावात कुणीही "शिंगं वली हायेत" म्हटलं की लग्नाचं आमंत्रण असो की तहसीलचं काम, कुणी पुढं आग्रह करत नाही. गफूरभाईही इथलाच. पण आमची बैलं सिरसाळ्याकडं गेली हे त्याला ठाऊक होतं. तो जीपमधून वाकून म्हणाला, "कुनाची?"

"हायेत कुनाची तरी. जा."

गफूरभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जीप गेली. आप्पा परत आले, गव्हाणीसमोर मांडी घालून बसले आणि त्या लाल सळईवर लक्ष ठेवून राहिले. विमान काही गव्हाणीला शिंग घासणार नव्हतं. हे मला कळत होतं, आप्पांना कळत होतं. निघायचंय हे विसरून ते रंगवून बसले की थांबायला निमित्त हवं होतं म्हणून रंगवलं, हे मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. अक्काला फोन केला तर ती हसली. "मला माहीतच होतं रे. मी त्यांच्या वाट्याचं पुरण धरलंच नव्हतं." श्रावणाची ओल होती, रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळला नाही. मला इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

पण खरी गोष्ट त्या संध्याकाळची आहे. दिवेलागणीला आप्पांनी सुनंदाकडून वाटीत हळद-लोणी मागून घेतलं. मी धावत गोठ्यात गेलो तोवर त्यांनी विमानाच्या दोन्ही पंखांच्या बुडाशी, जिथं पंख अंगाला मिळतो तिथं, अंगठ्यानं हळद-लोणी चोळायला सुरुवात केली होती. लोणी! सहा हात दिलेल्या माझ्या राखाडी रंगावर! तेलकट बोट लागू नये म्हणून मी हातमोजे घालून ते विमान उचलत होतो. माझ्या घशातून आवाज निघणार, तेवढ्यात मागून सुनंदानं माझा दंड धरला. आप्पांनी डावा खांदा चोळला, उजवा चोळला. टोपी नीट केली. वाकले. कान कुठं असेल याचा अंदाज घेत कोकपिटच्या काचेशी तोंड नेलं.

आणि थांबले.

शेजारच्या गोठ्यांतून आवाज येत होते. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कुणी घोगऱ्या आवाजात, कुणी हसत, कुणी घाईघाईत. आमच्या गोठ्यात काही नाही. आप्पा सरळ उभे राहिले. "न्हाई," ते म्हणाले. "एकट्याला आवतन देत न्हाईत. खांदा जोडीचा असतो." आणि हात पुसत बाहेर जाऊन ओट्यावर बसले. आप्पा घरी होते, एवढं खरं. पण गोठा मुकाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बैल नसलेल्या घरात मांडतात तसे आम्ही पाटावर मातीचे बैल मांडले आणि शेजारी विमान. सुनंदानं खणाच्या तुकड्याची झूल शिवली होती, ती तिनंच त्याच्या पाठीवर घातली. आधी नाकं मुरडणारी बाई झुलीला गोंडे लावत बसली होती. मारुतीच्या पाराशी बैलांची लग्नं लागली, अक्षता पडल्या, आणि मग जोड्या एकेक करून आमच्या दारावरून गेल्या. आप्पा ओट्यावरून हलले नाहीत. बघवणार नाही म्हणून परळीला निघालेला हा माणूस प्रत्येक शिंगाला नावं ठेवत होता. "ह्येचं साळलं न्हाई." "ह्यो रंग पानी घालून दिलाय." "ए, इकडं आन तो बैल, बगू." ज्यांचे बैल त्यांनी थांबून ऐकून घेतलं. दोघं-तिघं आत येऊन विमान बघून गेले. एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लई देखनं हाय. पन एकटं हाय."

जेवण झाल्यावर आप्पा सुपारी कातरत म्हणाले, "माळावर आपल्या डोस्क्यावरून गेलती तवा दोन गेलती."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी हातातलं पाणी खाली ठेवलं. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला वाटत होतं ती फक्त माझी आहे.

"हो आप्पा. ती जोडीनंच उडतात. एक पुढं, दुसरं त्याच्या खांद्याला धरून जरा मागं. एकमेकांची पाठ राखतात."

"मग? मी काय म्हनलो?"

विमानं उडवणाऱ्यांना हे शिकायला वर्षं लागत असतील. आप्पांना ते जुवावरून माहीत होतं. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या विमानासाठी पैसे भरले.

त्या हळदीचा डाग अजून आहे. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून पाहिलं, गेला नाही. लोणी निघालं, हळद राहिली. अशी विमानं करणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट आहे, तिथं मी फोटो टाकला तर एकानं विचारलं, पंखाच्या बुडाशी जुनाटपणा फार खरा वाटतोय, कोणत्या पद्धतीनं केला? मी लिहिलं, खांदेमळण. त्यानं शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. शोधत बसला असेल बिचारा.

मे महिन्यात एका कामानं मला सिरसाळ्याला जायचं होतं. आप्पा म्हणाले, मीबी येतो. त्या शेतकऱ्याच्या रानात लिंबाखाली दोघं बांधलेले होते, पाखऱ्या डाव्या अंगाला, हौश्या उजव्या. शब्दाचं इमान राखलं होतं गड्यानं. पाखऱ्यानं आप्पांची बंडी हुंगली, चाटली आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. आप्पा पाच मिनिटंही थांबले नाहीत. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "खात्यात चांगलं." त्या दिवसापासून गोठा रोज झाडायचं त्यांनी सोडलं. आता दिवसाआड झाडतात.

यंदा दुसरं विमान दोघांनी मिळून केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पांना बारीक रेघ माझ्याआधी दिसते, म्हणून साळायचं त्यांच्याकडं. रंगाचे मोठे हात माझ्याकडं, शिंग अर्थातच त्यांच्याकडं. याचं शिंग हिरवं, म्हणून ती हिरवी डबी. बेगडाचे वेढे मीच दिले. पहिलं पाखऱ्या, डाव्या अंगाला. दुसरं हौश्या, त्याच्या खांद्याला धरून जरासं मागं, उजवीकडं. फळीवर तसंच उभं केलंय. गफूरभाईनं आठ दिवसांपूर्वी पारावर गाठून विचारलं, "आप्पा, यंदा परळीला?" आप्पा म्हणाले, "चार शिंगं असल्यावानी काम पडलंय बाबा."

काल खांदेमळण होती. हळद-लोणी मी वाटीत काढून नेलं. हातमोजे घातले नाहीत. पाखऱ्याच्या जुन्या डागावर नवी हळद चढली, हौश्याच्या कोऱ्या राखाडी अंगावर पहिल्यांदाच. मी चोळत होतो, आप्पा बाजूला काठी टेकून उभे होते. झालं तसा मी मागं सरलो आणि त्यांना जागा करून दिली.

ते जागचे हलले नाहीत. "इमानं कुनाची हायेत?"

"आपली."

"आनली कुनी?"

"मी."

"मग मालकानं द्यायचं असतं आवतन."

बावन्न वर्षांचा झालो, हे वाक्य मी कधी म्हटलेलं नाही. ऐकलंय, हसलोय, मनात म्हटलंय. शेजारच्या गोठ्यातून आवाज यायला लागले होते. दारात सुनंदा उभी होती. मला टोपी नाही, तरी उगाच डोक्यावरून हात फिरवला, वाकलो आणि काचेशी तोंड नेऊन कसंबसं पुटपुटलो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"मोट्यानं दे," आप्पा म्हणाले. "इंजनाच्या आवाजात ऐकू जायचं न्हाई त्येंला."

मी मोठ्यानं दिलं.